लाल गाडीला पांढरा टप

१६ जून २००२, रविवार

परीक्षितने आज आपणहून विषय काढला — गाडीला मागे टप बसवायचा! इथे त्याला कॅम्पर शेल म्हणतात. पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यावर बसवायचं झाकण, गुडघ्यावर बसता येईल एवढ्या उंचीचं, खिडक्या-दारासकट. म्हणाला, बाबा, तुम्ही चौतीस वर्षं बसच्या बॉड्या बांधल्यात, तुम्हीच निवडा.

अमेरिकेत, या चँडलर गावी येऊन सहा आठवडे झाले. इतक्या दिवसांत मला कुणी काही विचारलं ते हे पहिलंच. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

टप बसला की तिघं-चौघं मिळून ग्रँड कॅन्यनला जाऊ म्हणतो. मागे गादी टाकायची, आत झोपायचं. मला कॅन्यनचं एवढं नाही. त्याच्या शेजारी बसून पाच तास जायला मिळेल, तेवढं पुरे.

१७ जून

सकाळी सातला परीक्षित डबा घेऊन ऑफिसला जातो. नऊला सून ज्ञानदा नातीला, राधिकाला, पोहायच्या क्लासला नेते, तिथून बाजारहाट. मग मी आणि हे घर. बाहेर ११२ डिग्री — त्यांच्या हिशेबाने, आपले चव्वेचाळीस. फुटपाथ आहे, त्यावर माणूस नाही. बस नाही. गाडी मला चालवता येत नाही. म्हणजे आयुष्यभर गाड्या बांधल्या, आणि गाडीवाचून अडलो. परवा दहा वाजता चालायला निघालो, कोपऱ्यावरून परत आलो. चपलेचा तळ मऊ लागायला लागला होता.

आज स्वयंपाकघरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. एकही कुरकुरत नव्हती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

परतीचं तिकीट ७ नोव्हेंबरचं.

१८ जून

परीक्षितला म्हटलं, एक दिवस मला तुझ्याबरोबर ने. ऑफिसात नको, गेटबाहेर गाडीत बसतो, तू काम कर. "बाबा, गेल्या सप्टेंबरपासून सिक्युरिटी फार कडक झालीय," म्हणाला. मे महिन्यात नेलं होतंस की, म्हटलं, पार्किंगपर्यंत. तेव्हाची गोष्ट वेगळी होती म्हणाला, आणि ताट उचलून सिंककडे गेला.

ठीक आहे. कारखान्याचे नियम मला कळतात. आमच्याकडेही पितळी बिल्ल्याशिवाय फाटकातून आत सोडत नसत.

२० जून

पिकअपची गोष्ट लिहायची राहिली. ती मुळात संजीवची. तो परीक्षितच्याच कंपनीत होता, कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या, त्याच्याच मजल्यावर. मी आलो त्याच आठवड्यात त्याला काढलं. दुपारीच घरी आला म्हणे, हातात एक खोकं — टेबलावरचं सगळं सामान त्यात. इथे नोकरी गेली की नुसती नोकरी जात नाही, देशात राहायचा परवानाच जातो. तीन आठवड्यांत बिचाऱ्यांनी घर आवरलं. लाल पिकअप परीक्षितने घेतली, स्वतःची छोटी गाडी विकून. मित्राची नड होती.

किल्ल्या द्यायला संजीव आणि त्याची बायको आली होती. दोघं गेल्यावर मी म्हटलं, कामात कुठेतरी कसूर असल्याशिवाय कुणी काढत नाही. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालचा एकही कामसू माणूस मी जाऊ दिला नाही. तुझ्यावर ती पाळी येणार नाही, असंही म्हटलं. परीक्षित किल्ल्या घेऊन आत निघून गेला. लाजाळू आहे, स्तुती सहन होत नाही.

ज्ञानदाला तर नोकरीची परवानगीच नाही. पुण्यात कॉलेजात शिकवायची. तिचा व्हिसा परीक्षितच्या व्हिसाला जोडलेला, त्याचा नोकरीला. आगगाडीसारखं — इंजिन निघालं की डबे चालले.

२२ जून, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

टपांच्या दुकानात गेलो. मोठं मैदान, त्यात रांगेने शंभरएक टप जमिनीवर ठेवलेले. दुकानदार माझ्याच वयाचा, डोक्याला तेलकट टोपी. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, माझं त्याला तेवढंही नाही. पण मी वाकून एका टपाच्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला, मग हातभर पुढे ठोकलं — आणि तो हसला. त्यानंतर भाषेची अडचण आली नाही. फायबरचा थर कुठे पातळ आहे ते आवाजावरून कळतं. भरीव ठिकाणी टणक वाजतं, पातळ ठिकाणी डब्यासारखं. तो मला वाईट टपसुद्धा ठोकून दाखवायला लागला, आपल्याच दुकानातले!

अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो, पण सांध्याला रिव्हेट, आणि रिव्हेट आज ना उद्या ढिला होणारच. फायबरचा अखंड. हौद्याच्या कडेला भोकं न पाडता शिकंज्याने आवळून बसवायचा, मध्ये रबरी पट्टी जाड हवी. मागचं दार वर उचललं की त्याला तोलून धरणारे गॅसचे दांडे — ते मी दहा वेळा उघडून-मिटून पाहिले. एका टपाचे दांडे दमलेले निघाले. दार हळूहळू खाली येत होतं.

माझ्या मते एकच पास. नवा, गाडीच्या लाल रंगाचा रंगवून देतात, चार आठवडे लागतील. परीक्षित म्हणाला, चार आठवडे नाही थांबता येणार.

का? कॅन्यन पळून जातंय का?

"असू द्या हो, बाबा. आज-उद्यात मिळेल असं बघा."

हाच मुलगा दहावीत असताना सायकलच्या सीटचा रंग मडगार्डला जुळत नाही म्हणून तीन दुकानं फिरला होता.

२३ जून

खिडक्यांवरून वाद. मी म्हणतो, खिडकी म्हणजे भोक आणि भोक म्हणजे गळती. सामान ठेवायचं, आठ महिन्यांतून एकदा कॅन्यनला झोपायचं, त्यासाठी बंद टप उत्तम. त्याला दोन्ही अंगांना सरकत्या खिडक्या हव्यात, जाळीच्या. काच गडद हवी. आतून छताला गालिच्यासारखा कपडा लावलेला हवा, ऊन कमी लागतं म्हणे. सामानाला कसलं ऊन लागतंय?

त्याच्या कमरेचा कंपनीचा बिल्लाही आताशा दिसत नाही. विचारलं. खिशात ठेवतो म्हणाला.

२४ जून

काही नाही. ११४.

२६ जून

टपांची माहिती कागदावर मांडून ठेवली — जाडी, सांधे, दार, रबर, कुलूप. परीक्षित आला, वाचली, म्हणाला, फारच छान बाबा. आणि न जेवता झोपला. डबा उघडून पाहिला तर अर्धा तसाच, आणि भाजीला वास. एसीच्या ऑफिसात भाजी आंबते कशी?

ज्ञानदा म्हणते, कामाचा ताण आहे. माणसं कमी केली की राहिलेल्यांवर दुप्पट पडतं. पटण्यासारखं आहे.

इथे येऊन मला आणखी एक कळलं. मुलाच्या घरात राहणं आणि मुलाबरोबर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळची दहा मिनिटं आणि रात्रीची वीस, त्यात तो टीव्हीकडे बघतो. टपाबद्दल बोललं की तेवढा माझ्याकडे वळतो. टप बसला की तेही संपेल, म्हणून मी जरा चुकारपणा करून निवड लांबवतोय. इथे लिहायला हरकत नाही, माझी बायको रेखा असती तर तिने पहिल्या दिवशीच ओळखलं असतं. दीड वर्ष झालं तिला जाऊन.

२९ जून, शनिवार

बसला टप! जुना, वापरलेला, पांढरा. लाल गाडीवर पांढरा टप — कोट एकाचा, विजार दुसऱ्याची. पण त्याला तोच हवा होता. दोन्ही खिडक्या, जाळ्या, गडद काच, आतून कपडा, सगळं त्याच्या मनासारखं. पांढरं ऊन कमी शोषतं म्हणाला. ते खरं आहे.

मी ठोकून पाहिला. हाड चांगलं आहे. मागच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती, दुकानदाराकडून समोर बसून भरून घेतली. त्याने मला त्याचा घासकागदाचा ठोकळा दिला, मीच घासलं. कितीतरी दिवसांनी हाताला धूळ लागली.

एका बाबतीत मात्र मी अडून बसलो. टपाचं दार फक्त बाहेरून उघडतं. आतून मूठच नाही. हे मला चालत नाही! बसच्या बॉडीचा पहिला नियम — आत माणूस असेल तर दार आतून उघडलंच पाहिजे. दुकानदार म्हणाला, कुठल्याच टपाला नसतं, हे सामानासाठी असतं. परीक्षित पटकन म्हणाला, राहू द्या बाबा, मी बाहेरून कुलूप लावणारच नाही. मी म्हटलं, मी बसवीन कडी. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून पट्टी, खिटी आणि स्क्रू घेऊन आलो.

३० जून

संध्याकाळी गॅरेजसमोर पूजा. नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं. राधिका म्हणाली, "आजोबा, व्हाय आर वी स्क्विशिंग लेमन्स?" काय सांगणार? गाडीला दृष्ट लागू नये म्हणून, म्हटलं. गाडीला डोळे कुठे असतात, हा पुढचा प्रश्न.

स्वस्तिक काढायचं तेवढं राहिलं.

१ जुलै, सोमवार

आज मी घोळ घातला.

पहाटे पाचला उठून कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि टपाच्या उजव्या अंगाला, खिडकीखाली, चांगलं वीतभर स्वस्तिक काढलं. पांढऱ्यावर लालभडक. सुरेख दिसत होतं. परीक्षित नेहमीसारखा डाव्या बाजूने बसला आणि निघाला, त्याने पाहिलंच नाही. गाडी रस्त्यावर वळली तेव्हा ज्ञानदाने खिडकीतून पाहिलं आणि तिच्या हातातला कप खाली आपटला.

तिने सांगितलं तेव्हा मला कळलं. इथे ती खूण म्हणजे युद्धातल्या नाझींची. शुभ वगैरे कुणाला माहीत नाही. लोकांनी छळछावण्यांत माणसं गमावलीत, त्यांच्या समोर ही खूण घेऊन गाडी उभी राहणार — कंपनीच्या पार्किंगमध्ये, हजारभर गाड्यांच्या मध्ये. "बाबा, ते त्याला आजच्या आज बोलावून घेतील. नोकरी जाईल हो त्याची." पोर लगोलग फोनकडे धावली. त्याचा मोबाईल बंद. ऑफिसातला टेबलावरचा फोन नुसता वाजत राहिला.

दिवसभर मी खुर्चीतून उठलो नाही. वाटलं, पासष्ट वर्षांचा गाढव, आपल्या हाताने पोराच्या पोटावर पाय दिला.

साडेसहाला तो आला. ज्ञानदा ओलं फडकं घेऊन आधीच बाहेर धावली. तेव्हा त्याने पहिल्यांदा पाहिलं ते. पाहतच राहिला. तिने विचारलं, कुणी काही बोललं? कुणीच नाही म्हणाला. सकाळपासून उभी होती ना गाडी? हो. मग कुणाला दिसलं कसं नाही? "कडेला लावली होती," म्हणाला आणि आत गेला.

सुटलो असं वाटलं. देवाला हात जोडले.

२ जुलै

जोडले खरे, पण रात्रभर तेच डोक्यात. हजार गाड्या, दोन हजार माणसं, बारा तास. वीतभर लाल खूण. कुणालाच दिसली नाही?

३ जुलै

संध्याकाळी गाडी पुसली. टपाच्या छतावर पक्ष्यांची घाण, आणि रबरी पट्टीत शेंगा अडकलेल्या — वाळलेल्या, बाभळीच्या शेंगांसारख्या. ओंजळभर निघाल्या. मे महिन्यात मी ते पार्किंग पाहिलंय. पत्र्याच्या शेड आणि डांबर. झाड एकही नाही, हे मी तेव्हाच परीक्षितला बोललो होतो.

मनात पाल चुकचुकली. शेंगा खिशात घातल्या.

४ जुलै

इथल्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. परीक्षित दिवसभर झोपला. संध्याकाळी सगळ्यांनी गाडीच्या मागच्या फाळक्यावर बसून लांबून दारूकाम पाहिलं. राधिका माझ्या मांडीवर. तिला कॅन्यनला कधी जायचं ते हवंय. मी परीक्षितकडे पाहिलं, तो आकाशाकडे बघत होता.

७ जुलै, रविवार

तो राधिकाला पोहायला घेऊन गेला, ज्ञानदाच्या गाडीतून. ज्ञानदा मागे परसात कपडे वाळत घालत होती. म्हटलं, कडी बसवून टाकू. हत्यारं घेतली, टपाचं दार उचललं, आत चढलो.

गादी. कॅन्यनला जायच्या वेळी टाकायची होती ती गादी. त्यावर उशी, उशीला डोक्याचा खळगा. पाण्याच्या तीन मोठ्या बाटल्या. वर्तमानपत्रं, फक्त नोकरीच्या जाहिरातींची पानं, लाल पेनाने गोल केलेली. त्यातली बरीच गोलं खोडलेली. हुकाला इस्त्रीचा शर्ट.

आणि कोपऱ्यात चादरीखाली खोकं. राधिकाचा फोटो चौकटीतला. कॉफीचा मग. त्याच्या नावाची पाटी. आणि रेखाने त्याच्या टेबलासाठी पाठवलेला पितळी गणपती, मोज्यात गुंडाळलेला, लागू नये म्हणून.

मी किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. दार वर उचललेलं होतं, दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, तरी दहा मिनिटांत बनियन भिजलं. आणि तो दुपारी काय करत असेल? या खिडक्या नकोत म्हणून मी तीन दिवस भांडलो त्याच्याशी. चार आठवडे थांब म्हणत होतो. रंग जुळत नाही म्हणत होतो.

घरी का सांगितलं नाही त्याने, हा प्रश्न मला पडला नाही. उत्तर मीच देऊन ठेवलं होतं, त्याच्याच घरात, संजीवच्या पाठीमागे. कसूर असल्याशिवाय कुणी काढत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. पुण्यात सगळ्या सोसायटीला पेढे मीच वाटले, माझा मुलगा अमेरिकेत इंजिनिअर म्हणून. असा बाप घरात येऊन बसल्यावर पोराने जायचं कुठे?

खोकं होतं तसं झाकलं. मग कडी बसवली. चार स्क्रू. एक वाकडा गेला, काढून पुन्हा घातला. आतून दार लावून, उघडून पाहिलं. उघडतं.

८ जुलै

तो सातला गेला. मी दारात उभा राहिलो.

संध्याकाळी जेवताना त्याने मीटिंगची गोष्ट सांगितली — कोण साहेब काय म्हणाला, कोण चिडला. ज्ञानदा हसली. मीही मान डोलावली. इतकं बारीक रचायला किती वेळ लागत असेल? अर्थात, वेळच आहे त्याला.

रागही आला. ज्ञानदाला अंधारात ठेवतोय. परवाना संपला तर उद्या घर आवरायची वेळ तिच्यावर येणार, तिला कळायला नको? आज मीच सांगून टाकणार होतो, दोनदा तिच्यापर्यंत जाऊन परत आलो. हे त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे. पण त्यासाठी आधी कुणीतरी त्याच्याजवळ बसलं पाहिजे, आणि सबंध घरात रिकामा माणूस मी एकच.

जेवण संपता संपता त्याला एवढंच विचारलं, कडी बसवली, पाहिलीस का? त्याचा घास हातातच राहिला. "पाहिली," म्हणाला.

९ जुलै

पहाटे उठून भाजी-पोळी मीच केली. डबे दोन भरले. ज्ञानदाला म्हटलं, आज परीक्षितबरोबर जातो, संध्याकाळी येऊ. तिला वाटलं सिक्युरिटीची परवानगी मिळाली. परीक्षित ओट्यावरच्या दोन डब्यांकडे बघत राहिला. बाहेर गाडीपाशी आलो. मग किल्लीशी चाळा करत म्हणाला,

"बाबा, तिथे सावली एका गाडीपुरतीच आहे."

मी म्हटलं, "आपल्या दोघांची गाडी एकच आहे." आणि उजव्या बाजूने चढून बसलो.